अक्काच्या खिडकीतली बुरशी

धुळ्याच्या देवपुरातल्या आमच्या घरात मागच्या खोलीला लाकडी चौकटीची एक खिडकी आहे. तिच्यावर बुरशी आली होती, आणि ती कोणामुळे आली हे मी चार पाहुण्यांसमोर ठासून सांगितलं होतं. ते खोटं होतं. खोटं आहे हे मला तेव्हा माहीत नव्हतं, असं मी बरेच दिवस स्वतःला समजावत आलो. आता तेही जमत नाही, कारण मला माहीत करून घ्यायचंच नव्हतं.

मी हायस्कूलात विज्ञान शिकवतो. वर्गात मला कोणी मधेच तोडत नाही, म्हणून घरीही कोणी तोडू नये अशी खोड लागली आहे. बायको म्हणते, तुमच्याशी बोलायचं म्हणजे आधी हात वर करावा लागतो. ती थट्टेत म्हणते, मी हसतो, आणि पुन्हा बोलायला लागतो.

अक्का माझी मोठी बहीण. मी जन्मलो तेव्हा ती तिसरीत होती. आई शेतात जायची, मला सांभाळायला घरात कोणीतरी हवं, म्हणून तिची शाळा सुटली ती सुटलीच. पुढे तिला जळगावजवळ असोद्याला दिली. मूलबाळ झालं नाही. गेल्याच्या गेल्या हिवाळ्यात तिचे यजमान, आमचे दाजी, गेले. अशा वेळी माहेरच्यांनी बहिणीला लुगडं द्यायची आमच्याकडे रीत आहे. दुखवट्याचं लुगडं म्हणतात त्याला. ते मी नेलं, राखाडी, बारीक काठाचं. तेराव्याला ते तिच्या खांद्यावर टाकलं आणि भाऊबंदांनी भरलेल्या ओट्यावर सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "अक्का, आता तू एकटी राहायचं नाही. माझं घर तेच तुझं घर. शेवटपर्यंत." लोकांनी माना डोलावल्या. एक म्हातारे आबा म्हणाले, भाऊ असावा तर असा. मला ते ऐकून बरं वाटलं, हे कबूल करतो. मी ते वाक्य घरी येऊन बायकोलाही सांगितलं होतं.

फाल्गुनात अक्का एक पत्र्याची पेटी आणि एक पिशवी घेऊन आली. मागची खोली तिला दिली. खोली पश्चिमेची, आणि चैत्र-वैशाखात धुळ्याला जे ऊन तापतं त्यात पश्चिमेच्या खोलीत माणूस भाजून निघतो. मी तिच्यासाठी नवा कूलर आणला. खिडकीचं एक झडप काढून ठेवलं, बाहेर लोखंडी अँगलवर कूलर बसवला, त्याचं तोंड आत घेतलं, आणि भोवतालची फट प्लायवूडचा तुकडा लावून, जुन्या गोधडीच्या चिंध्या कोंबून बुजवली. गार हवा जराही बाहेर जाता कामा नये. पहिल्या दिवशी अक्का कूलरसमोर बसली, पदर उडायला लागला तसा दोन्ही हातांनी धरला आणि हसत म्हणाली, "भाऊ, तू त मले महाबयेश्वरलेच आनलं." ती असोद्याकडचंच बोलायची, ळ-चा य करून. पुढच्या सहा महिन्यांत ती तशी मोकळी हसल्याचं मला आठवत नाही.

पावसाळा तोंडावर आला की कूलर उतरवायचा असतो. टाकीच्या बुडाला रबरी बूच असतं, ते ओढून पाणी सोडायचं. जाळीतलं गवत काढून फेकायचं, टाकी उन्हात वाळवायची, फट मोकळी करून झडप जागेवर लावायचं. हे मला माहीत आहे, आमच्या गल्लीत सगळ्यांनाच माहीत आहे, आणि कोणी करत नाही. उतरवायला चार माणसं लागतात, फाल्गुनात पुन्हा चढवायला चार. म्हणून आम्ही कूलरला निळी ताडपत्री गुंडाळतो, सुतळीने आवळतो आणि होळीपर्यंत विसरून जातो. आषाढात देवपुरातून चालत गेलात तर खिडक्याखिडक्यांना निळी गाठोडी लटकलेली दिसतील. आम्ही खानदेशातली माणसं उन्हाची तयारी फार बारकाईने करतो. ओलीची आम्हाला सवयच नाही. पाऊस पिकाचा, घराशी त्याचा काय संबंध, अशी आमची समजूत. मीही ताडपत्री बांधली. बूच ओढलं नाही. वाकायचा कंटाळा आला, एवढंच कारण होतं.

आषाढ संपता संपता चौकटीच्या खालच्या पट्टीवर मिरपूड सांडल्यासारखे काळे ठिपके दिसले. आठ दिवसांत ते कोपऱ्यातून वर चढले. खोलीला कोंदट वास यायला लागला. अक्कानेच मला बोलावून दाखवलं. मी चष्मा वर केला, बोट फिरवलं, वास घेतला, आणि खोलीत नजर फिरवली. खिडकीजवळच एका दोरीवर तिचं ते राखाडी लुगडं वाळत होतं. नऊ वार सुती कापड, हातांनी पिळलेलं.

आमच्या गच्चीवर पत्र्याखाली दोऱ्या आहेत, घरातल्या सगळ्यांचे कपडे तिथेच वाळतात. अक्काचीही बाकीची धुणी तिथेच जायची. फक्त हे एक लुगडं ती आल्यापासून खोलीत वाळत घालायची. मी विचारलं, हेच का इथं? ती म्हणाली, "राहू दे ना भाऊ, इथंच बरं." कारण तिने सांगितलं नाही, आणि मी दुसऱ्यांदा विचारलं नाही. मला कारण सापडलं होतं ना. मी तिचा उभ्या उभ्या एक तास घेतला. ओल्या कपड्यातलं पाणी जातं कुठे? हवेत. हवा बंद खोलीत. मग ती वाफ गार जागा शोधते. गार जागा कुठली? खिडकी. मधे मधे मी "कळलं का" असं विचारत होतो. बासष्ट वर्षांची बाई हात पदरात गुंडाळून उभी होती आणि मान हलवत होती.

माझं संपल्यावर ती हळूच म्हणाली, "मले काई कयत नाई, पन त्या कूलरच्या पेटीत पानी साचेल हाये. ते काढून टाक. मले वाटते, त्याचाच वास येतो."

मी हसलो. "अक्का, कूलर बाहेर आहे, बुरशी आत आहे." माझी मुलगी तिथेच होती, तीही हसली. मला आणखी चेव आला. मी म्हणालो, "त्यात तुला नको डोकं लावू. लुगडं तेवढं बाहेर घाल." त्यानंतर अक्काने कूलरचं नाव काढलं नाही.

तिने लुगडं गच्चीवर नेलं नाही. मागच्या मोरीत, छपराखाली, घातलं. तिथे पावसाचे शिंतोडे यायचे, ते कधी पूर्ण वाळायचंच नाही. बायकोने एकदा मला सांगितलं, "अहो, त्या दमट नेसतात. रात्रीतून खोकतात." मी म्हणालो, गच्चीवर घाल म्हणावं, कोणी अडवलंय? आणि खिडकी साफ करायचं कामही मी अक्काकडेच दिलं. बाथरूम धुवायचं औषध आणून दिलं, लाव म्हणालो, काळं जाईल. ती दर रविवारी स्टुलावर चढून चौकट घासायची. औषधाच्या वासाने तिच्या डोळ्यांतून पाणी यायचं. काळं जायचंही, दोन दिवस. लाकडावर असलं औषध वरचा रंग घालवतं, आतली बुरशी तशीच राहते, आणि पाणी पाजून पाजून आपणच तिला वाढवतो. हे मला आता माहीत आहे. तेव्हा मी व्हरांड्यात पेपर वाचत बसायचो आणि मधूनच ओरडायचो, "कोपऱ्यात नीट घास गं."

श्रावणात जामनेरहून मुलीला बघायला पाहुणे आले. मुलगा, त्याचे आईवडील आणि एक काका. स्थळ चांगलं होतं. घरची शेती, मुलाला नोकरी, माणसं साधी. मी मात्र सकाळपासून घोड्यावर बसलेला. चहापाणी झालं, मुलीशी बोलणं झालं, मग मुलाचे वडील म्हणाले, घर दाखवा की सर. घर दाखवत दाखवत आम्ही मागच्या खोलीशी आलो. त्यांनी डोकं आत घातलं, हुंगून पाहिलं, आणि सहज म्हणाले, "सर, इथं ओल मुरते काय?"

ओल मुरते म्हणजे घर कच्चं, घर कच्चं म्हणजे सरांनी हलकं काम करून घेतलं, मग मुलीचंही काय काय झाकलं असेल कोण जाणे. एका क्षणात एवढं सगळं डोक्यात आलं. मी मोठ्याने हसलो आणि म्हणालो, "ओल कसली? बांधकाम पक्कं आहे हो. आमची अक्का आहे ना, गावाकडची. ओलं लुगडं खोलीतच वाळत घालते. कितीदा सांगितलं. जुन्या माणसांपुढे कोणाचं चालतंय?"

सगळे हसले. हसणं थांबल्यावर मी मागे वळलो तर अक्का पाण्याचे पेले घेऊन उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. तिने खिडकीकडे पाहिलं. त्या दिवशी खोलीत दोरीसुद्धा नव्हती. लुगडं मोरीत जाऊन पंधरा दिवस झाले होते, आणि बुरशी उलट वाढली होती. हे मला दिसत होतं. तिलाही दिसत होतं. ती एक शब्द बोलू शकली असती. तिने एकेकाला पाणी दिलं आणि आत गेली.

पाहुणे गेल्यावर बायको म्हणाली, "तुम्ही जरा जास्तच बोललात." मी म्हणालो, "मग काय घर कच्चं आहे म्हणू?" लग्न जमलं. मी पेढे वाटत फिरलो.

महिनाभराने अक्का म्हणाली, "असोद्याले जाऊन येते. घर बंद हाये, पत्रा गयत असीन." मी तिला स्कूटरवर स्टँडला सोडलं. जळगावची बस लागली होती. खिडकीशी बसून ती म्हणाली, "चौकट पुसून ठेवली बरं का. कोरड्या फडक्यानं." ती परत कधी येणार हे मी विचारलं नाही. तिने पेटी नेली होती, पिशवी नेली होती, आणि जाऊन येणारं माणूस पेटी नेत नाही एवढं मला कळत होतं. बस निघाली तेव्हा मला हलकं वाटलं. मी ते हलकं वाटणं अजून विसरलो नाही, आणि विसरूही नये.

लग्नाला ती आली. दोन दिवस बायकांत मागे मागे बसली, हळदीच्या वेळी बोलावलं तरी पुढे आली नाही, आणि मागच्या खोलीकडे फिरकली नाही. मी कामात होतो. नंतर ती खोली मी बंद केली आणि तिथे उत्तरपत्रिकांचे गठ्ठे ठेवले. उन्हाळ्यात कूलर एकदाही लावला नाही. कोणासाठी लावायचा?

यंदा श्रावणात मुलगी पहिल्यांदा माहेरपणाला आली. म्हणाली, मी आत्याच्या खोलीत झोपते. मी कुलूप काढलं. दार उघडताच वास असा आला की तिने ओढणी नाकाला लावली. चौकट खालपासून वरपर्यंत काळी पडली होती. भिंतीवर हिरवट डाग, गठ्ठ्यांना पांढरी लव. मी रागाने तोंड उघडलं. खरं सांगतो, "अक्का" हा शब्द ओठांवर आला होता. आणि मग माझ्या लक्षात आलं की ओरडायला तिथे कोणी नाही. वर्षभर त्या खोलीत कोणी राहिलं नव्हतं. कोणी एक रुमालसुद्धा वाळत घातला नव्हता.

सुतारमिस्तरी आला. धुळ्याकडचाच, अहिराणी बोलणारा. त्याने प्लायवूड उचकटलं तसा गोधडीचा बोळा ओला चिंब होऊन खाली पडला. ताडपत्री वरून फाटली होती. पावसाचं पाणी तिच्या खोळीत साचत होतं, तिथून टाकीत, आणि टाकी भरली की चिंध्यांतून चौकटीत. त्याने चौकटीच्या खालच्या पट्टीत बोट घातलं, ते ओल्या भाकरीत जावं तसं आत गेलं. तो म्हणाला, "सर, हाई बठ्ठं कूलरना पानीनी करेल शे." म्हणजे हे सगळं कूलरच्या पाण्याने केलं आहे. मग त्याने खाली हात घालून बूच ओढलं. पाणी बराच वेळ गटारीत पडत राहिलं, काळं, वास मारणारं. मी तो आवाज ऐकत उभा होतो आणि अक्काचं वाक्य मला शब्दन् शब्द आठवत होतं.

मुलगी माझ्याकडे बघत होती. ती म्हणाली, "पप्पा, आत्या हेच म्हणाली होती." मी हो म्हणालो. मग ती म्हणाली, "आपण हसलो होतो."

मनातल्या मनात मी अजून एक पळवाट काढली. बंद खोलीत ओलं लुगडं, थोडाफार परिणाम असणारच, म्हणजे विज्ञानाच्या दृष्टीने मी अगदीच चूक नव्हतो. असा विचार मी चांगला दिवसभर केला. लाज वाटते ती या विचाराची जास्त.

खिडकी मी स्वतः साफ केली, चार दिवस लागले. कूलर उतरवला, टाकी वाळवून गच्चीवर पालथी घातली. तोंडाला पंचा बांधला. बुरशी कोरडी खरवडली तर घरभर उडते, म्हणून आधी साबणाच्या पाण्याने नुसती भिजवली, मग जुन्या ब्रशने घासली, पुसायचं फडकं दर वेळी टाकून दिलं, आणि लगेच कोरड्या कापडाने टिपून घेतलं. कुजलेली पट्टी मिस्तरीने बदलली. ऊन पडलं तसं दोन दिवस उघडं ठेवलं, लाकूड पूर्ण सुकल्यावर पॉलिश पेपर मारला, तेलाचा रंग दिला. झडप जागेवर आलं. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढलं. स्टुलावर चढून वरचा कोपरा घासताना माझी कंबर धरली. अक्का हे दर रविवारी करत होती, आणि तिला खाली उतरताना हात द्यायलाही मी कधी उठलो नव्हतो.

मग मी असोद्याला गेलो. जळगावपासून रिक्षा केली. पाऊस भुरभुरत होता. अक्काच्या घराला पुढे ओटा, त्याच्यावर पन्हाळीचा पत्रा. लांबूनच मला ते राखाडी लुगडं दिसलं. पत्र्याच्या कडेला तारेवर टाकलेलं, अर्धं पावसात भिजत. अक्का आत चुलीपाशी बसली होती, अंगावर दुसरं पातळ, खोकत होती. मला बघून उठली, पाणी दिलं, पोरगी कशी आहे विचारलं.

मी म्हणालो, "अक्का, लुगडं भिजतंय."

"भिजू दे."

"आत का नाही घालत? घर तुझंच आहे."

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच काही तरी विसरलो आहे. "आत घातलं का खिडकी कायी होते ना. तूच त सांगेल हाये."

मी खाली बसलो. सगळं सांगितलं. कूलर, बूच, चिंध्या, बंद खोली, वर्षभर कोणी नसताना आलेली बुरशी. सांगताना माझ्या आवाजात सर कुठेच नव्हते. ती ऐकत होती. मधेच तिने विचारलं, "मी नव्हते, तरी आली?"

"तरी आली. जास्त आली."

तिने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मग म्हणाली, "मोरीत घालाले लागली तरी ते कायं जाईना. मले वाटलं, तुह्या घराले हे दुखवट्याचं लुगडंच लागलं. पोरीचं जमत होतं. म्हनून निंघून आली."

तेव्हा मला कळलं की ते एकच लुगडं ती गच्चीवर का नेत नव्हती. गच्चीवर लग्नाच्या मुलीचे कपडे वाळायचे. त्यांच्या शेजारी दुखवट्याचं लुगडं नको, म्हणून ते तिने खोलीत ठेवलं. सांगितलं असतं तर मी हसलो असतो, हे तिला ठाऊक होतं. आणि ज्या पाहुण्यांच्या येण्यासाठी तिने ते लपवलं, त्यांच्याच पुढे मी ते बाहेर काढलं. मी तिला सांगितलं की असं काही नसतं, लुगडं कोणाला लागत नाही. ती म्हणाली, "तू सर हाये. तू म्हने लुगड्यानं झालं, मंग मी काय समजू?"

मी तिची माफी मागितली. आयुष्यात पहिल्यांदा, आणि नीट जमलीही नाही. चल माझ्याबरोबर, खोली लख्ख केली आहे, असं म्हणालो. मग काहीतरी करावं म्हणून उठलो, तारेवरचं लुगडं काढलं, पिळलं, आणि घरातल्या खिडकीशी दोरी दिसली तिच्यावर टाकायला लागलो.

अक्का उठून आली. तिने माझ्या हातातून लुगडं घेतलं. "त्या पाव्हन्यांना सांग्तलं का?" तिने विचारलं.

"कोणत्या?"

"जामनेरच्या. त्यांच्याच समोर म्हनला होता ना तू."

मी म्हणालो, नाही. आता ते व्याही आहेत, उगाच तो जुना विषय कशाला काढायचा, असं काहीतरी पुटपुटलो. अक्काने ऐकून घेतलं. मग ती लुगडं घेऊन बाहेर गेली आणि परत त्याच तारेवर, पत्र्याच्या कडेला, टाकून आली. रागावली नव्हती. "त्यांना सांग," ती म्हणाली. "मंग आत घालीन."

तिने मला जेवू घातलं. कळण्याची भाकरी आणि ठेचा, माझ्या आवडीचं. बाहेर पाऊस वाढला होता आणि मी जेवताना त्या दाराकडे पाठ करून बसलो.

पोळ्याला व्याह्यांनी जेवायला बोलावलं होतं. मुलगी तोवर सासरी गेली होती. दोन दिवस आधीपासून मी वाक्यं जुळवत होतो. नको सांगायला, असंही चार वेळा ठरवलं. माझ्या मुलीच्या सासरी, माझ्याच तोंडाने, मी बहिणीवर खोटा आळ घेतला असं म्हणायचं. तिच्याकडे तिथे कोण कसं बघेल? त्या दिवशी जी भीती होती, तीच ही भीती होती, हे मला बसमध्ये कळलं. तेव्हाही मी घराची अब्रू झाकायला निघालो होतो.

बैलांना ओवाळून झालं, पुरणाचे मांडे वाढले. तेच चौघे होते, शिवाय माझी मुलगी आणि बायको. मी पहिला घास हातात धरला आणि तो तसाच ठेवून म्हणालो, "एक सांगायचं आहे. मागच्या साली तुम्ही विचारलं होतं, खोलीत ओल मुरते का. मी म्हणालो होतो, अक्काच्या लुगड्यामुळे. ते खोटं होतं. कूलरचं पाणी होतं. चूक माझी होती. अक्काने मला आधीच सांगितलं होतं, मी ऐकलं नाही, आणि तुमच्यासमोर तिचं नाव घेतलं."

व्याही हसले. "अहो सर, एवढंच ना? मला तर आठवतही नाही. जेवा तुम्ही." काकांनीही हसून हात झटकला. मुलगी ताटाकडे बघत होती. मी पण हसायला लागणार, तेवढ्यात विहीणबाई वाढता वाढता थांबल्या आणि म्हणाल्या, "मला आठवतं. त्यांनी मला पाणी दिलं तेव्हा मान वर केली नाही. मी सुनेला नंतर विचारणार होते, पण कसं विचारावं म्हणून राहिलं." मग त्यांनी माझ्या ताटात तूप वाढलं. मला मान वर करता आली नाही.

जेवण झाल्यावर मी ओसरीवर येऊन अक्काला फोन लावला. जामनेरला पाऊस होता, तिच्याकडेही असणार, कारण पत्र्याचा आवाज फोनवर येत होता.

"सांगितलं," मी म्हणालो.

"सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर. विहीणबाईंना आठवत होतं."

ती म्हणाली, "थांब जरा." फोन खाली ठेवल्याचं ऐकू आलं. दार कुरकुरलं. पाऊस एकदम मोठा ऐकू आला, आणि दार लागल्यावर पुन्हा बारीक झाला. मी फोन कानाला लावून उभा होतो. आतून मुलगी चहाला बोलावत होती, मी हातानेच तिला थांबवलं.

अक्का परत फोनवर आली तेव्हा तिला थोडी धाप लागली होती.

"आनलं आत," ती म्हणाली.